बोट न उचलता

यात पदरचं काहीच घातलेलं नाही.

एलीझर माझा मावसभाऊ. ही हकिकत मी त्याच्या तोंडून तीनदा ऐकली, दरवेळी वर्षा-दीड वर्षाच्या अंतरानं. तपशील तसूभर हलला नाही. त्या दिवशी तिथं पोचलेल्या मॉरिसला वेगळं गाठून विचारलं. त्याला जेवढं दिसलं, तेवढं जुळतं.

ठिकाण, अंब्रिम बेटाचा पश्चिम किनारा. आमचं गाव ओलवेर. आठ वर्षांपूर्वीचा ऑगस्ट महिना, मंगळवार, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं.

हो, सकाळचे.

पण त्या दिवशी वारा फिरला होता आणि ज्वालामुखीच्या डोंगराची राख सरळ गावावर येत होती. दहालाच कंदील लावावे लागले.

एलीझर गावच्या शाळेत गणित शिकवायचा. कोड्यांचा त्याला भारी नाद. दर शुक्रवारी सुट्टीआधी तो पोरांना एक कोडं घालायचा. 'बाहेरची भिंत हिरवी, आतली पांढरी, मधल्या तळ्यात होडी चालत नाही, काय ते सांगा.' किंवा 'एक डुक्कर, एक कुत्रा आणि तारोच्या कंदांची टोपली, होडीत एका वेळी एकच मावतं, तर पलीकडे कसं न्याल?' सोमवारी उत्तर आणणाऱ्याला पेन्सिल.

पोरं ही कोडी झटपट सोडवायला लागली, तेव्हा त्यानं वाळूवरची चित्रं काढली.

ही चित्रं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची. आधी ठिपक्यांची चौकट मांडायची, मग त्यातून एकच रेघ फिरवायची. बोट उचलायचं नाही. गेलेल्या रेघेवरून परत जायचं नाही. शेवटी निघालो तिथंच येऊन मिळायचं. मिळालं की हाताच्या तळव्यानं सगळं पुसून उठायचं.

एलीझर मात्र अर्धंच चित्र काढायचा. उरलेलं पोरांनी शोधायचं. शनिवार-रविवार ते अर्धं चित्र शाळेच्या अंगणात तसंच पडून असायचं.

आमच्या मामांच्या हे कानावर गेलं. बाए मामा, गावातला जुना माणूस. पुरुषांच्या बैठकीच्या घरात, कावाच्या मुळांचं गुंगीचं पेय प्यायला सगळे जमले असताना त्यांनी त्याला सगळ्यांदेखत धरलं.

"काय रे मास्तर, पोरांना हल्ली काय शिकवतोस?"

"कोडी, मामा. डोकं चालतं त्यानं."

"तुझं चालतं का ते बघ आधी. अर्धं चित्र काढून उठतोस म्हणे?"

"पूर्ण काढलं तर कोडं कसं होईल?"

बाजूचे दोघं हसले. मामा हसले नाहीत.

"मेल्यावर वाटेत कोण बसलेली असते, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे की. लहानपणी तुम्हीच घाबरवायचात. ती चित्र काढते, अर्धं पुसते आणि विचारते, पुढं कसं जातं? पूर्ण केलं तर वाट मोकळी, नाही जमलं तर ती खाते."

"मग? अर्धं चित्र मांडून ठेवणं हे तिचं काम आहे. तू कशाला करतोस?"

"मामा, ती मेलेल्यांना विचारते. मी जिवंत पोरांना विचारतो."

"एवढी अक्कल आहे, तर पुसून उठत जा."

एलीझरनं मान डोलावली, आणि त्या शुक्रवारी तेच चित्र अर्धं काढून ठेवलं. मामांनी लहानपणी शिकवलेलं, वाटेवरचं. पूर्ण व्हायला चार वळणं बाकी.

सोमवारी राखेमुळे शाळा भरलीच नाही.

उत्तर कुणीच दिलं नाही.

मंगळवारी सकाळी त्याची बायको रोझिना अंथरुणात उठून बसली होती. तिला दमा. राख पडली की छाती भरून यायची. घरातला पंप रात्रीच संपला होता. दुसरा शाळेच्या औषधाच्या कपाटात होता. शिक्षकाचं घर ते शाळा, चौसष्ट पावलं. पोरांकडून मोजून घेतलेली.

"दोन मिनिटांत आलो," तो म्हणाला.

"तुझी दोन मिनिटं मला माहीत आहेत," रोझिना धापा टाकत म्हणाली. "वाटेत कोडं सुचलं तर तिथंच बसशील."

"बोलू नकोस. दम लागेल."

"मग लवकर ये ना."

तोंडाला फडकं बांधून तो निघाला. विजेरीचा उजेड हातभर पुढं जाऊन संपत होता. अंगणात पाय घोट्यापर्यंत रुतत होते. सगळीकडे सारखी, करडी राख...

आणि त्या राखेत शुक्रवारचं चित्र स्वच्छ दिसत होतं.

रेघांवर कणभरही राख नव्हती.

तो थांबला नाही. शाळेत शिरला, कपाट उघडलं, पंप खिशात टाकला आणि वळला.

शाळा म्हणजे एकच खोली. सिमेंटची जमीन, पत्र्याचं छप्पर. बाकं आदल्या आठवड्यातच भिंतीला लावून ठेवलेली. खिडक्यांच्या फटींतून आलेली राख जमिनीवर सारखी पसरली होती.

मधोमध ठिपके होते.

ठिपक्यांतून एक रेघ फिरली होती...

अर्धी.

आत येताना ते तिथं नव्हतं. त्याच्या पावलांचे ठसे दारापासून कपाटापर्यंत होते आणि चित्र त्या ठशांच्या वर काढलेलं होतं.

तो भिंतीच्या कडेकडेनं बाहेर पडला आणि मोठ्यानं पावलं मोजू लागला. समोरून रोझिनाचा खोकला ऐकू येत होता. बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट. हात पुढं केला. दाराची कडी हाताला लागली. दार ढकललं.

समोर शाळेची खोली.

मधोमध अर्धं चित्र.

राखेत दिशा चुकते, त्यानं मनाला सांगितलं. परत निघाला. या वेळी अंगणाच्या कडेची दगडांची ओळ चाचपत गेला. ती ओळ सरळ त्याच्या घराच्या पायरीशी संपते. खोकला समोर होता. मग उजवीकडे...

मग पाठीमागे.

दगड संपले. पायरी लागली. दार उघडलं.

शाळा.

तिसऱ्यांदा तो धावला. धावताना पडला, गुडघा फुटला. उठून आंधळ्यासारखा पुढं गेला आणि त्याच दारात आला. मागं वळून विजेरी मारली. उंबऱ्यापासून बाहेर जाणारे तीन माग दिसत होते.

परत येणारा एकही नव्हता.

घड्याळात सव्वाअकरा झाले होते. पंप खिशात होता. रोझिना चौसष्ट पावलांवर होती.

"रोझिना!" तो ओरडला.

उत्तर नाही. खोकलाही नाही.

एवढा वेळ जो आवाज नकोसा झाला होता, तोच आता कान देऊनही ऐकू येईना. छपरावर राख पडल्याचा आवाजही थांबला होता. त्याला फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

आणि मग दिसलं... चित्राच्या पलीकडे, राखेत, दोन खळगे पडले होते. कुणी गुडघे टेकून बसलं की पडतात तसे.

एलीझरनं दाराची चौकट घट्ट धरली. डोकं चालवायचं, दुसरं काही हातात नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं. प्रश्न कुणाला विचारला आहे? आपण मेलेलो नाही. गुडघा ठणकतो आहे, रक्त येतं आहे. मग मरायला टेकलंय कोण?



रोझिना तान्ना बेटावरची. तिच्या माहेरी ही चित्रं नाहीत. आठ वर्षांच्या संसारात तिनं एकदाही त्यातली रेघ गिरवली नव्हती. तिला विचारलं, तर तिला काय सांगता येणार होतं?

तो धावत जाऊन चित्रापाशी बसला. रेघ जिथं थांबली होती, तिथं बोट टेकवलं.

राख गरम होती.

पहिलं वळण घेतलं... आणि लांबून खोकला आला. खोल, ओला, जिवंत खोकला.

"आलो, आलो," तो पुटपुटला आणि दुसरं वळण घेतलं. मग तिसरं. मामांचा आवाज कानात होता, डावीकडून, खालून, दोन ठिपके सोडून. आता एकच वळण उरलं होतं. ते घेतलं की रेघ सुरुवातीला मिळणार.

मिळाली की वाट मोकळी.

बोट जागच्या जागी थिजलं.

कुठली वाट?

पूर्ण केलं तर रोझिना पलीकडे जाणार. सुखरूप जाईल, पण जाणार. अर्धं ठेवलं तर ती खाल्ली जाणार. जगू पाहणाऱ्या माणसासाठी या कोड्यात उत्तरच नव्हतं. मुळात ते जिवंत माणसासाठी नव्हतंच.

बोट थांबलं होतं. खोकला पुन्हा बंद झाला होता.

पलीकडचे खळगे जवळ आले होते. आता चित्राच्या कडेला लागून...

नियम तीनच. बोट उचलायचं नाही, रेघेवरून परत जायचं नाही, सुरुवातीला येऊन मिळायचं.

कधी मिळायचं, ते कुणीच सांगितलेलं नाही.

एलीझरनं डाव्या हातानं चौकटीबाहेर नवे ठिपके टोचले. चार. मग आठ. शेवटच्या वळणाच्या तोंडाशी येऊन त्यानं बोट बाहेर वळवलं आणि रेघ नव्या ठिपक्यांत नेली.

खोकला आला.

रेघ चालते आहे तोवर चित्र पूर्ण नाही, आणि फसलेलंही नाही. बस्स. एवढीच फट होती. तो त्या फटीत शिरला.

किती वेळ काढत होता, ते त्याला सांगता येत नाही. गुडघ्यांवर सरकत, डाव्या हातानं ठिपके टोचत, उजव्यानं रेघ ओढत. बोटाची कातडी गेली, नख घासलं गेलं. राखेतली रेघ लाल होत गेली. दमून हात जरा मंदावला की खोकला क्षीण व्हायचा. मग तो पुन्हा जोर लावायचा. पलीकडचे खळगे त्याच्या बरोबर सरकत होते. रेघ जाईल तिकडे. हातभर अंतर राखून.

मग बोट भिंतीला लागलं.

तो वळला. भिंतीकडेनं गेला. दुसरी भिंत. बाकांखालून, कपाटाखालून. मोकळी राख कमी कमी होत गेली. मागं सगळी जमीन रेघांनी भरली होती आणि परत जाण्याची सोय नव्हती. कोपऱ्यात वीतभर जागा उरली. त्यानं बोट एवढं सावकाश चालवलं की ते हलतंय की नाही, हेही कळेना.

खळगे आता त्याच्या गुडघ्यांना टेकले होते.

उरली चार बोटं जागा...

दोन...

दार धाडकन उघडलं. वारा आत घुसला आणि जमिनीवरची राख एका झोतात उडाली.

"इथं काय करतोयस, गाढवा!" दारात मॉरिस होता, शाळेतला दुसरा शिक्षक. "तीन वाजून गेले! वारा फिरला, उजाडलं, आणि तू कोपऱ्यात बसून जमीन खरवडतोयस? बायको तिकडे..."

"मला हात लावू नकोस! बोट सुटेल!"

"बोट घाल चुलीत. ऊठ!"

मॉरिसनं काखेत हात घालून त्याला उचललं.

बोट जमिनीवरून सुटलं. मॉरिस सांगतो, तेव्हा एलीझर जसा किंचाळला, तसं माणसाला किंचाळताना त्यानं पुन्हा कधी ऐकलं नाही.

चौसष्ट पावलं. या वेळी शेवटी घर आलं.

रोझिना जिवंत होती. चटईवर, भिंतीला टेकून, ओठ निळसर, पण श्वास चालू. एलीझरनं पंप तिच्या तोंडाला लावला. एकदा, दोनदा. तिच्या चेहऱ्यावर रंग आला. मॉरिस पाणी आणायला गेला.

"मला यायला उशीर झाला," एलीझर म्हणाला. त्याला रडू आवरेना.

 रोझिनाच्या नजरेत राग होता.

"उशीर कसला? सकाळपासून इथंच तर बसलायस."

"कुठं?"

"इथं. माझ्याकडे पाठ करून." तिनं चटईजवळची जमीन दाखवली. "पंप दे, पंप दे म्हणून मी जीव काढतेय, आणि तू आपला बोट फिरवत बसलेला. वर मलाच विचारतोस, पुढं कसं जातं? मी म्हटलं, मला कुठं येतं हे? तुझं कोडं, तूच सोडव."

एलीझरनं खाली पाहिलं. घरात राख फारशी आली नव्हती. तरी चटईला लागून पातळसा थर होता.

त्यात दोन खळगे होते.

"मग... मी उठलो कधी?"

"आत्ता. तुम्ही दोघं आत यायच्या जरा आधी." 'तुम्ही दोघं' हे आपणच म्हणालो, हे बहुधा तिला तेव्हा कळलं. पुढचं ती अगदी हळू बोलली. "उठताना म्हणालास, अजून झालं नाही. म्हणालास, उरलेलं नंतर."

ते दोघं आता दुसऱ्या बेटावर, लुगनविल शहरात राहतात. एलीझर तिथं एका शाळेत शिकवतो. कोडी घालत नाही. रोझिनाचा दमा बराच आटोक्यात आहे.

मी शेवटचं भेटलो, तेव्हा त्याला सरळ विचारलं. एकच वळण उरलंय ना? मग पूर्ण करून पुसून का टाकत नाहीस?

स्वयंपाकघरात रोझिना लापलापसाठी नारळ खवत होती. मधूनच खोकत होती. ती खोकेपर्यंत तो बोलला नाही.

"चित्र अजून अपुरं आहे," तो म्हणाला, "आणि ती अजून आहे. यातलं एक दुसऱ्यामुळे आहे की नाही, हे पडताळून बघायची पद्धत एकच आहे."

आणि तो पुन्हा खोकल्याकडे कान देऊन बसला.