पाण्याच्या टोकासोबत

"बाईमाणूस संगं घेतलं की पहिल्या कोसातच चप्पल तुटते," किसनराव मागून पुटपुटले.

आवाज खालचा होता, पण दुर्गाबाई त्यांच्यापुढं चारच पावलं होती. तिनं पिशवीतली सुतळी काढली, चपलेचा अंगठा बांधला आणि उरलेली सुतळी किसनरावांच्या हातात दिली. त्यांच्या बुटाचा तळ केव्हाचा जबडा उघडून चालत होता.

तिघं धरणाकडून खाली आपल्या गावाकडं, कोलाडी नदीच्या कोरड्या पात्रातून निघाले होते आणि त्यांच्या शेजारून, त्यांच्याहून अंमळ हळू, पाणी निघालं होतं.

मेळघाटाच्या पायथ्याच्या धरणातून उन्हाळ्यात तीनदा पाणी सोडायचं, तेव्हा काठच्या गावांनी मोटारी बंद ठेवायच्या आणि अकरा किलोमीटर खालच्या कळमगव्हाणपर्यंत पाणी जाऊ द्यायचं, असं ठरलं होतं. दोन पाळ्या झाल्या. कळमगव्हाणला थेंब पोचला नाही. साऱ्या गावाचं पिणं जिच्यावर, ती नदीकाठची गावविहीर तळाला गेली. आता ही शेवटची पाळी, आणि उद्या दुपारी धरणाची दारं बंद होणार. पाणी वाटेत कुठं मरतं ते डोळ्यांनी पाहायला गावानं तिघांना धाडलं. संत्र्याच्या बागेचे मालक किसनराव, कारण त्यांना भांडता येई. नांदगाव पेठच्या कापड कारखान्यातला फिटर शेखर, कारण त्याला मोजता येई. आणि वांगी न् सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकणारी दुर्गाबाई, कारण वरच्या गावांत तिला कुणी हाकललं नसतं.

"चोर धरूनच येतो," किसनराव निघताना सांगून आले होते. चोर वरच्या अंगाच्या वरखेडचेच, याविषयी गावात दुमत नव्हतं.

पाण्याला टोक असतं, हे दुर्गाबाईला पन्नाशीत कळलं. पुढं मळकट फेस, फेसावर पळसाची वाळकी पानं आणि एका पानावर मुंग्यांचं अख्खं बिऱ्हाड. तापलेली रेती पाणी पिताना तव्यासारखी चुरचुरे. मागून बगळे पाहुण्यांसारखे सावकाश येत. खड्डा लागला की टोक थांबे, खड्डा भरे, मग काठावरून जीभ काढून पुढचा उतार चाटून पाही. याला वाट कोण सांगतं? तिनं काडीनं रेघ ओढून त्याला फसवून पाहिलं. ते रेघेतून गेलं आणि पुन्हा आपल्याच वाटेला लागलं.

दहाच्या सुमारास काटेरी झुडपं फाडत रानडुकरं पात्रात उतरली. नऊ मोठी, पिल्लं वेगळी! तिघं दरडीवर चढले. डुकरं पाण्याच्या टोकातच लोळली आणि त्यांनी पाऊण तास टोक हलू दिलं नाही.

"यायच्यावर केस करता काय, काका?" शेखरनं विचारलं. किसनरावांनी बूट बांधायला घेतला.

खरं संकट भर दुपारी आलं. कुणीतरी रेती उपसून केलेला खड्डा लागला, घराएवढा. पाणी त्यात उतरू लागलं. खोली मोजायला शेखर काठावरून खाली सरकला. रेती हलली. गुडघा गेला. मांडी गेली. तो धडपडला, तसा आणखी रुतला. कंबर!

"हलू नको," दुर्गाबाई म्हणाली. "मांगं रेल. खाटेवर निजतो तसा."

किसनरावांनी खांद्यावरचा दुपट्टा काठीला बांधला. दोघं पालथे पडले. दुपट्टा फेकला. चुकला! पुन्हा फेकला. शेखरच्या हाताला लागला. पाणी त्याच्या छातीशी आलं होतं. किसनरावांनी ओढलं, दुर्गाबाईनं किसनरावांचे पाय धरून ओढले. एक हिसका, दुसरा... आणि वाळूनं सुस्कारा टाकून त्याला सोडलं. एक बूट मात्र ठेवून घेतला.

वरखेडला पोचले तेव्हा तिघांमध्ये धड असं फारसं काही नव्हतं. किसनरावांनी तशाही अवस्थेत काठावरची मोटारीची एकेक पेटी उघडून पाहिली. सगळ्या बंद. त्यांचा चेहरा उतरला. दुर्गाबाईच्या बाजाराच्या ओळखीच्या माणिकबाईंनी तिघांना निंबाखाली बसवून भाकर आणि ठेचा वाढला. मोटारीचं सोडा, त्या म्हणाल्या, आमच्याकडं चोरी आडव्या बोरांची होती. विहिरीच्या पोटातून नदीखाली आडवं भोक पाडलं की नदी आपोआप विहिरीत झिरपते, मोटार लागत नाही, वरून दिसत नाही. औंदा साऱ्या गावानं मिळून लाकडी खुंट्यांना गोणपाट गुंडाळलं आणि भोकं ठोकून बंद केली.

"तुमच्याकडं किती हायेत?"

तिघांनाही एकदम भाकर फार चविष्ट लागू लागली. "आमच्यात तसलं काई नाही," किसनराव भाकरीकडं पाहत म्हणाले.

उन्हं कलताना टोकानं कळमगव्हाणची शीव ओलांडली. आलं! शेखरनं एका बुटानिशी उडी मारली. गावविहीर समोर दिसत होती, दोन शेतांपलीकडं. मग टोक मंद झालं. फेस रुंदावला, पातळ झाला. मुंग्यांचं पान रेतीवर टेकलं. मागून पाणी येत होतं आणि येईल तिथंच नाहीसं होत होतं.

किसनराव म्हणाले, ऊन लय, वाफ झाली असंल. शेखर म्हणाला, इथली रेती जाड हाय. दोघांपैकी कुणीही काठाकडं पाहत नव्हतं. काठावर ओळीनं विहिरी होत्या. पहिली दुर्गाबाईची, पुढच्या दोन किसनरावांच्या, मग शेखरच्या भावाची.

दुर्गाबाई आपल्या विहिरीवर गेली आणि वाकली. आत धो धो आवाज चालला होता. मागल्या साली, गाव लग्नाला गेलं असताना, तिनं ते भोक पाडून घेतलं होतं. ते बुजलं तर आठ दिवसांत वांगी माना टाकतील, हे तिला झाडागणिक माहीत होतं. मुंग्यांच्या पानाकडं तिनं एकदा पाहिलं.

"किसनभाऊ," ती म्हणाली, "वरखेडचं नाव आता घेऊ नका. नदी आपुनच पिऊन राहिलो. उद्या दुपारपर्यंत पाणी हाय. खुंटी आणा, पहिली माह्या विहिरीत ठोका."