न आलेला वास

ती गाडी गॅरेजच्या दारात थांबली तेव्हा बॉनेटच्या फटीतून धुराची बारीक रेघ निघत होती आणि वरून पाऊस पडत होता. कुणी सांगितलंय म्हणून पडावा, तसा. गाडीतली तरुणी खाली उतरली आणि ओढणी डोक्यावर घेत म्हणाली,

"जळका वास येतोय. म्हणजे... गाडीला. मला नाही."

"ते आलं लक्षात," मिस्त्री म्हणाला.

त्याच्या लक्षात काहीच आलं नव्हतं. या मिस्त्रीला सगळे 'नाक' म्हणत. बॉनेट न उघडता, नुसत्या वासावरून बेल्ट जळतोय की क्लच, हे तो सांगायचा. गॅरेजचे मालक म्हणजे त्याचे सख्खे मामा. भाच्याच्या कौतुकापोटी त्यांनी पाटीवर एक भलंमोठं नाक रंगवून घेतलं होतं. पेंटरनं ते समोर बसलेल्या मामांचंच काढलं, ही गोष्ट वेगळी.

पण हिवाळ्यात मिस्त्रीला ताप आला आणि उतरताना वास घेऊन गेला. आधी चहा गरम पाण्यासारखा लागला, मग साबण नुसता फेस झाला. एका संध्याकाळी त्यानं गेलेल्या आईची शाल कपाटातून काढून तोंडाशी धरली... नुसती लोकर. त्यानं कपाट लावून घेतलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. मामा पाटी उतरवतील ही भीती होतीच. पण नाक वजा केल्यावर आपण म्हणून काय उरतं, हे त्याला ठाऊक नव्हतं, ही भीती त्याहून मोठी.

तेव्हापासून तो गिऱ्हाइकाच्या नाकावर धंदा करत होता.

"कसा आहे वास? रबरासारखा, की तेल जळल्यासारखा?"

"तुम्हाला नाही का येत?"

"येतो ना. पण गिऱ्हाइकाचं मत विचारायची आमच्याकडे पद्धत आहे."

"बरीच लोकशाही आहे तुमच्याकडे."

तिनं डोळे मिटले. पापण्यांवर पावसाचे थेंब अडकले होते. मिस्त्रीनं ते बघितले आणि तो घाईनं टायरकडे बघायला लागला.

"तेलकट आहे," ती म्हणाली. "दाट. गाडी थांबली की वाढतो. स्वस्त हॉटेलाच्या मागच्या गल्लीतून जाताना येतो ना... तसा."

इतकं नेमकं गेल्या कित्येक महिन्यांत त्याला कुणी सांगितलं नव्हतं. इंजिनावरच्या झाकणाचं गॅस्केट गेलं होतं आणि तेल झिरपून खालच्या तापलेल्या पाइपवर पडत होतं. त्यानं ते बदललं. ती समोरच्या चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढायची, एवढं तिनं जाता जाता सांगितलं. त्यानं विचारलं नव्हतं. विचारणारच होता.

थोड्याच दिवसांत ती पुन्हा हजर.

"परत येतोय वास. आता रबरासारखा."

मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, डोकं आत घातलं आणि जाणकारासारखा लांबलचक श्वास घेतला. "हो. येतोय खरा. बेल्ट असणार."

ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग ओठ दाबून हसली. हसण्यासारखं काय होतं, ते त्याला कळलं नाही. बेल्टला काहीही झालेलं नव्हतं. त्यानं तो काढला, पुसला, पुन्हा चढवला. पाच मिनिटांच्या कामाला सगळी दुपार लावली. ती स्टुलावर बसून चहा पीत होती.

"तुम्ही कामात फार सावकाश आहात हो."

"गाडी नाजूक आहे."

"गाडी?"

तो पुन्हा बॉनेटखाली गेला. कान लाल झालेले लपवायला जागा बरी होती.

निघताना तिनं गाडीचं दार उघडून धरलं. "जरा आत बसाल? ही बाबांची गाडी. गेले ते. सीटला अजून त्यांच्या तंबाखूचा वास येतो. दादा म्हणतो, तुला भास होतो. तुम्हाला... येतोय ना?"

मिस्त्रीनं श्वास घेतला. आत काहीच आलं नाही.

"येतो," तो म्हणाला.

तिचे डोळे भरून आले. त्या घाईत, त्या गोंधळात, बॉनेट लावताना हातातलं फडकं कुठे राहिलं हे काही त्याला आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी धाडकन दारात थांबली.

"या वेळी खरंच येतोय," ती धापा टाकत म्हणाली.

"या वेळी?"

तिची धाप थांबली. पाऊस मात्र चालू.

"काल नव्हता," ती हळूच म्हणाली. "उगाच आले होते. आणि तुम्ही म्हणालात, येतोय... मला वाटलं, तुम्हीपण माझ्यासारखेच. घरी जाईपर्यंत हसत होते मी."

इथं मिस्त्रीनं नुसतं 'हो' म्हटलं असतं, तर गोष्ट सुखात संपली असती. पण तोवर त्यानं बॉनेट उघडलं होतं. तापलेल्या पाइपवर त्याचंच फडकं पडलं होतं, काळं, कडेनं धुमसत. त्यानं ते पक्कडीनं उचलून नाकाशी धरलं. काही नाही. आणखी थोडी लांब गेली असती ही, तर...

"मला वासच येत नाही," तो म्हणाला. "हिवाळ्यापासून. काल मी घाबरून हो म्हणालो."

तिनं मनाशी काहीतरी जुळवलं. चेहरा उतरत गेला.

"आणि बाबांचा?"

"नाही आला."

ती गाडीत जाऊन बसली.

"काय निघालं रे?" आतून मामांनी विचारलं.

"माझंच फडकं, मामा. मला वास येत नाही. बरेच महिने झाले."

मामा बाहेर आले. फडक्याकडे बघितलं, भाच्याकडे बघितलं.

"तरीच," ते म्हणाले, "माझ्या भाजीला हल्ली नावं ठेवत नाहीस." आणि भाच्याच्या पाठीवर हात ठेवून, जरा जास्तच वेळ ठेवून, आत गेले.

गाडीचं डावीकडचं दार उघडलं.

"बसा," ती म्हणाली. तो बसला. "घाबरून बोललात ते कळलं. पण बाबांचं... तेही घाबरून?"

"नाही. तुम्ही ज्या चेहऱ्यानं विचारलंत, त्या चेहऱ्याला 'नाही' म्हणवेना." तो थांबला. "आणि बेल्टला पाच मिनिटं लागतात."

ती समोरच्या काचेवरचे ओघळ बघत होती.

"म्हणजे तो वास आहे की नाही, हे सांगणारं आता कुणीच नाही."

"तुम्ही आहात."

"मी एकटी?"

"मला सांगा. मी तुमच्या नाकावरच विश्वास ठेवतो."

तिनं काचा वर केल्या. डोळे मिटले.

"आधी... ओल्या कागदासारखा. मग थोडा गोड, लवंग मोडल्यासारखा. आणि शेवटी कडवट, खूप रागावून गप्प बसलेल्या माणसाचा..." तिनं डोळे उघडले. "आला?"

"नाही," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे वळली आणि त्याचा काळा, तेलकट हात स्वतःच्या हातात घेतला.

"बरं," ती म्हणाली. "पुन्हा सांगते."