मालकाच्या नावानं

लातूरला रेल्वेनं पाणी यायचं, त्या दुष्काळातली गोष्ट. औशाच्या टँकर कचेरीत भर दुपारी सिद्धेश्वर कॉम्प्युटर बघायला आला होता. काम साधंच. पांढरवाडी नावाची वस्ती टँकरच्या यादीतून रोज आपोआप पुसली जात होती. त्या वस्तीची मल्लम्मा रिकामी घागर घेऊन पायरीवर बसलेली. सून नुकतीच बाळंत झाली होती आणि घरात घोटभर पाणी नव्हतं.

"कॉम्प्युटरवर कुणाच्या नावानं आत जाता?" सिद्धेश्वरनं विचारलं.

"सिसच्या," कारकून व्यंकटराव म्हणाला. "समदेच त्याच नावानं जातो. कुठंच अडत न्हाई."

सिद्धेश्वरनं कपाळावर हात मारला. काय ही माणसं! अहो, हा डेटाबेस, म्हणजे याद्यांचं कोठार, जन्मतोच दोन खाती घेऊन. सिस हा मालक. घराचा पायाच त्याच्या हातात, त्याला कुणी अडवत नाही आणि काढूनही टाकता येत नाही. सिस्टीम हा कारभारी, देखभालीपुरता. कारकुनानं आपल्या नावानं, आपल्यापुरत्या हक्कानं जायचं असतं. अन् हे दीडशहाणे मालक होऊन बसलेत, तेही चहा ढोसत!

"तुमच्या हातात बैलाचा कासरासुद्धा देऊ नये," तो म्हणाला. व्यंकटराव ओशाळून हसला.

त्यानं व्यंकटरावाला वेगळं खातं काढून दिलं, मालकाचा पासवर्ड बदलला आणि पांढरवाडी पुन्हा लिहिली. पंखा करकरत होता. कुणाचाच हात कीबोर्डवर नव्हता, आणि पांढरवाडी त्याच्या डोळ्यांदेखत पुसली गेली. त्यानं आतली नोंद काढली. कुणी पुसली? सिसनं. कुठून? ह्याच मशीनवरून.

त्यानं नेटवर्कची वायर उपटली. अख्खा डेटाबेस बंद करून पुन्हा चालू केला, मालकाच्या नावानं एकटाच आत गेला आणि आत कोण कोण आहे ते विचारलं. दोन नावं आली. सिस. आणि सिस.

"हा दुसरा कोण?" त्यानं पडद्यावर बोट ठेवलं.

"तो... पहिल्यापासून हाय, साहेब," व्यंकटराव हळूच बोलला. "आम्हाला वाटलं, असंच असतंय..."

"मूर्ख आहात सगळे!" सिद्धेश्वर ओरडला, पण आवाज चिरकला. यादी गेली खड्ड्यात म्हणत त्यानं टँकरवाल्याला थेट पांढरवाडीला पिटाळलं. बऱ्याच वेळानं टँकरवाल्याचा फोन आला, सिद्धेश्वरनं तो स्पीकरवर लावला.

"साहेब, तिथंच उभा हाय. रस्ता हाय, बाभळी हायत... वस्ती न्हाई. एक घर न्हाई. चुलीची राखबी न्हाई."

"अन् माझी सून?" मल्लम्मानं दारातून विचारलं. "लेकरू?"

सिद्धेश्वर पडद्याकडं वळला. तिथं आणखी एक नाव पुसलं जात होतं. हरणमाळ. त्याचं स्वतःचं गाव.

तो धावत बाहेर आला. आईला फोन लावला.

"हा नंबर अस्तित्वात नाही," फोनमधली बाई म्हणाली.

पुन्हा लावला. तेच. तो तसाच उन्हात उभा राहिला. मल्लम्मानं त्याच्याकडं पाहिलं, घागर पलीकडं ठेवली आणि सरकून पायरीवर जागा केली.

"बसा," ती म्हणाली.