पल्ला कोणाच्या हातचा

“हात मांगे ले, वहिनी! पोरना संसारले नाट लावाना शे का?”

ताईबाईंनी सुमनबाईंचं मनगट असं काही हिसकलं की वाटीतली हळद सगळ्या अंगणात सांडली. पाटावर बसलेल्या डिंपलने दचकून वर पाहिलं. तिचे वडील, भाईदास, दाराशीच उभे होते. आपली थोरली बहीण विधवा भावजयीला चारचौघांत काय बोलली, हे त्यांनी ऐकलं होतं... आणि तरी ते मंडपाचा दोर आवळायला निघून गेले!

सुमनबाईंनी पदराला हात पुसले. रागवावं तरी कोणावर? डिंपलची आई बाळंतपणातच गेली, तेव्हा सुमनबाईंच्या कपाळाचं कुंकू पुसून पुरतं वर्षही झालं नव्हतं. शिरपूरच्या एका बिजवर शिक्षकाचं स्थळ तेव्हा आलं होतं. भला माणूस होता. त्याच दिवशी भाईदासने ते रडतं गाठोडं त्यांच्या ओटीत ठेवलं आणि म्हटलं, “वहिनी, इले टाकीसन जाशी का?” त्या गेल्या नाहीत. ते गाठोडं पुढे त्यांना ‘मोठी माय’ म्हणू लागलं, आणि शिरपूरचं नाव त्या घरात पुन्हा कधी निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमळनेरहून सगळं वऱ्हाड भुसावळच्या गुरुद्वाऱ्यात उतरलं. नवरा मुलगा तेजिंदर रेल्वेतला, डिंपलच्याच ऑफिसातला. ना मुहूर्त, ना पत्रिका, ना होम! गुरु ग्रंथ साहिबांना चार फेरे घातले की लग्न लागलं. ताईबाई गाडीपासून कुरकुरत होत्या, “इस्तव नही, बामण नही, हाई काय लगीन शे?”

दरबारात सगळ्यांनी डोकी झाकून बैठक मारली. सुमनबाई मात्र मागच्या दाराने लंगरच्या स्वयंपाकघरात शिरल्या. आपली सावलीच नको त्या शुभकार्यावर... लेकरू सुखी राहू दे, बस! बायकांच्या घोळक्यात बसून त्या पोळ्या लाटू लागल्या. भिंतीवरच्या कर्ण्यातून कीर्तन ऐकू येत होतं. तेवढाच काय तो त्यांच्या वाट्याचा सोहळा.

आणि एकाएकी कीर्तन थांबलं.

सुमनबाईंचं लाटणं घसरलं, पोळी एका बाजूला लांब गेली. त्यांनी ती तशीच तव्यावर टाकली. कान कर्ण्याकडे लागले होते. कोणीतरी काही विचारत होतं, कोणी कुजबुजत होतं... देवा, मोडलं की काय लग्न?

दारात भाईदास उभे राहिले. डोक्याला बांधलेला केशरी रुमाल घामाने भिजला होता.

“वहिनी, घात झाया! अरदासनी प्रार्थनाले दोन्हीकडना मायबाप उभा ऱ्हातस. ज्ञानीजीनी इचारं, पोरनी माय कोठे? तर ती म्हने, मनी माय लंगरमा शे, ती येवाशिवाय मी उठाव नही! ताई उठनी शे, बठ्ठा सोयराले लीसन परत चालनी. तू एकडाव चाल...”

सुमनबाईंच्या काळजात क्षणभर दिवा लागला. हा आपल्याला न्यायला आलाय!

“...आनि तिले सांग, मी तुनी माय नही. तू सांगं तर ती आयकी.”

दिवा विझला! आयुष्यभर ज्याने मागितलं आणि आपण दिलं, त्याने आज हेही मागावं? जे कधी कागदावर नव्हतं, नात्यातही नव्हतं, फक्त त्या पोरीच्या तोंडी होतं, तेवढंही?

“मी येस, भाऊ,” त्या म्हणाल्या, आणि पिठाचे हात धुवायचेही विसरल्या.

दरबारात ताईबाई वाटेतच उभ्या होत्या. सुमनबाईंनी डोक्यावरचा पदर घट्ट धरला आणि लाल ओढणीतल्या लेकीपुढे गेल्या.

“उठ, डिंपल. हट नको करू. मी... मी तुनी माय नही, बेटा.”

डिंपलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तिने सुमनबाईंचा पिठाळ हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. “गुरूसमोर खोटं नही चालत. आते सांग, तू मनी माय शे का नही!”

सुमनबाईंना तिच्या डोक्यावरचा हात काढावा तर काढवेना. त्या तिथेच मटकन खाली बसल्या आणि लेकीला पोटाशी धरून हंबरडा फोडून रडू लागल्या.

“अपशकुन!” ताईबाई पुटपुटल्या.

तेजिंदरची आई, बलबीर कौर, उठून पुढे आली. तिचा जन्म इथल्याच रेल्वे कॉलनीतला, मराठी अस्खलित.

“अक्का, माझा पहिला नवरा लग्नानंतर लवकरच गेला. याच दरबारात माझं दुसरं लग्न लागलं, आनंद कारज झालं. तेव्हा माझ्या हातात नवऱ्याच्या खांद्यावरचा पल्ला कोणी दिला, माहीत आहे? माझ्या पहिल्या सासूनं! तीही विधवा. पोटचा पोरगा गेला, तरी सुनेला लेक म्हणून उठवून उभं केलं तिनं. तिचा हात अशुभ असता, तर हा तेजिंदर आज इथे बसला असता का?”

भाईदासची मान खाली गेली. परक्या घरच्या एका म्हातारीने सुनेला नवं आयुष्य दिलं, आणि आपण? आपण भावजयीच्या पायात एक तान्हं मूल बांधलं, आणि वर तिलाच अपशकुनी ठरू दिलं! त्यांना शिरपूर आठवलं. ते पुढे आले.

“वहिनी... तुना जलम मी खादा व! उठ. मी बाप म्हनीसन उभा ऱ्हास, तू माय म्हनीसन उभी ऱ्हाय.”

“भाऊ, लोके काय म्हनतीन?”

“म्हनू दे!”

अरदास झाली. दोन्हीकडचे चौघेही उभे होते. मग तेजिंदरच्या खांद्यावरच्या गुलाबी पल्ल्याचं टोक भाईदासने उचललं. ते बापाने लेकीच्या हातात द्यायचं. त्यांनी ते सुमनबाईंच्या हातात दिलं, आणि सुमनबाईंनी डिंपलच्या. मुठीत धरताना पल्ल्यावर पिठाची बोटं उमटली. ती कोणी झटकली नाहीत. फेरे सुरू झाले तेव्हा ताईबाई वाटेतून बाजूला झाल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

लंगरमध्ये सगळे एका पंगतीत बसले. सुमनबाई सवयीप्रमाणे वाढायला निघाल्या, तोच ताईबाईंनी अंग चोरून आपल्या शेजारी जागा केली. बलबीर कौरने खांदा दाबून सुमनबाईंना तिथे बसवलं.

पोळ्यांची टोपली भाईदासच्या हातात होती. “वहिनी, आज तू पयले.”

इथे पोळी दोन्ही हात पसरून घ्यायची असते. सुमनबाईंनी हात पसरले. हातावर आली ती एका बाजूला लांब झालेली, वाकडी पोळी होती. त्यांनी ती ओळखली, आणि रडता रडता हसू लागल्या.