बेडकीचं परतावण

वडगावात रात्री लाईट गेली की आधी कानालाच चुकल्याचुकल्यासारखं होतं. सकाळपासून खडखडणारे माग एकदम गप्प होतात आणि मग गल्लीतलं कुत्रंसुद्धा बेतानं भुंकतं. त्या रात्री तसंच झालं. पाऊस नुकता थांबला होता. सुबराव अण्णांच्या मागाच्या खोलीत घरातली पोरं मेणबत्तीभोवती बसली होती. कॉलेजात जाणारी नात आरोही म्हणाली, "अण्णा, भुताची गोष्ट सांगा की."

अण्णांनी तंबाखूची चिमूट गालात सारली आणि खिडकीकडं कान दिला. बाहेर पन्हळीचं पाणी टपकत होतं.

"बेडूक वरडायलाय काय गं कुठं?"

"न्हाई."

"मग ऐका. खरी हाय. माझ्या मावसभावाची, शामूची. गावाचं नाव विचारायचं न्हाई. उचगावच्या पलीकडं हाय, एवढं बास."

आणि अण्णांनी सांगितली ती गोष्ट अशी.

शामू साधा माणूस. घरचं थोडं भाताचं रान आणि पोटासाठी उद्यमबागेत कारखान्यात नोकरी. बायको बाळाबाई, कणकुंबीकडची. पदरात मूल नाही. दवाखाने झाले, नवस झाले, मग दोघांनी तो विषय बंद केला. म्हणजे बोलायचा बंद केला. मनातला कुठला बंद होतोय!

तीन वर्षांपूर्वी मिरग कोरडा गेला. धुळीत पेरलेलं भात उगवायचं नाव घेईना. तेव्हा गावानं बेडकाचं लग्न लावायचं ठरवलं. नवरा गावच्या तळ्यातच सापडला. एरवी मिरगात मोठा बेडूक आपसूक पिवळा होतो, त्याला हळद लावायचीही गरज पडत नाही. त्या वर्षी मात्र नवरदेव मातकटच होते. नवरीही त्याच तळ्यातली धरणार, तेवढ्यात म्हातारा भावकू आडवा आला.

"एका तळ्यातली म्हंजे भावकी की रं! भावकीत लगीन लावतासा व्हय? नवरी भाईरगावची पायजे."

गावात शिकलेली माणसं काय कमी होती? पण सोयरिकीचा मुद्दा निघाला की शहाणपण चपला काढून बाहेर बसतं. सगळ्यांना पटलं. बाळाबाईच्या माहेरी बारमाही वहाळ, म्हणजे ओढा, होता, म्हणून नवरी आणायला शामूला धाडलं.

भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा घेऊन शामू सासुरवाडीला गेला. मेव्हणा मष्णू त्याला गावाखालच्या वहाळावर घेऊन गेला. पाणी होतं, सावली होती, पण वहाळ कसा गप्प गप्प वाटत होता. "औंदा बेडकं जरा सुस्त हाईत दाजी," मष्णू म्हणाला. एका दगडावर एक मोठी बेडकी बसली होती. शामूनं हात पुढं केला तरी ती उडाली नाही. पोटाखालची कातडी थोडी सोलवटली होती. शामूला वाटलं, कात टाकत असेल. ती गपगुमान डब्यात गेली आणि शामू मनाशी म्हणाला, पोरगी गरीब स्वभावाची आहे. आडदांड सून कुणाला हवी असते?

लग्न थाटात झालं. कन्यादानाला बसायला जोडपं हवं होतं, आणि बाळाबाई न विचारताच पाटावर जाऊन बसली. तिनं बेडकीला हिरव्या खणाचा तुकडा पांघरला. एकेक बोट धरून हळद लावली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं आईच्या हातानं कुणाला तरी हळद लावली, आणि बघणाऱ्या बायकांनी पदर डोळ्याला लावला. अक्षता पडल्या, जोडपं तळ्यात सोडलं. आणि गंमत बघा, दोन दिवसांत पाऊस कोसळला. भावकूच्या मिशा आठवडाभर खाली आल्या नाहीत.

पाचव्या दिवशी बाळाबाई म्हणाली, "अवं, परतावण अस्तंय आज. लेकीला म्हायेरला न्ह्यायला पायजे."

शामू हसला. "बेडकीला कसलं गं परतावण? आता तळ्यात कोण वळखणार तिला?"

शेतात घाई होती. राहून गेलं.

श्रावणात तळ्याच्या कडेला बेडूक मरून पडायला लागले. पाय ताणलेले, पोट वर, कातडीचे पापुद्रे सुटलेले. आज इकडं, उद्या तिकडं. गणपती येईपर्यंत तळं मुकं झालं. बेळगावच्या एका कॉलेजातला आदर्श नावाचा पोरगा हातमोजे घालून तपासायला आला होता. शामूनं त्याला चहा दिला, तेव्हा तो बोलला.

"बुरशी हाय काका. कातडीला धरती. बेडूक कातडीनंच पाणी पितोय, श्वास घेतोय. कातडी गेली की काळीज बंद पडतंय. पाऊस पडल्यावर वरडतो त्यो नर. मादी असलं गाणं म्हणत न्हाई, ती नुस्ती ऐकून येती. आता बोलवायलाबी कोण न्हाई आन यायलाबी कोण न्हाई." मग त्यानं विचारलं, "भाईरचं बेडूक कुणी आणलं हुतं काय हितं?"

शामूनं कपबशी खाली ठेवली.

"आता एक करा," आदर्श उठता उठता म्हणाला. "हितलं पाणी, हितला चिखल, कायबी दुसऱ्या वहाळाला जाऊ देऊ नका. गेलं की तितलंबी संपलं."

शामूनं सगळं बायकोला सांगितलं. न सांगून जातो कुठं? पण तिनं त्यातलं एकच ऐकलं. लेक मेली, आणि माहेर न बघता मेली. त्या दिवसापासून बाळाबाईचं खाणं तुटलं. दिवेलागणीला ती तळ्यावर जाऊन बसायची. शामू तिला हाताला धरून घरी आणायचा. अपराध त्याचा, आणि झिजत होती ती.

मष्णूकडूनही बातमी आली. खालचा वहाळ मेला. गावाच्या वर, रानात, दुसरा एक वहाळ होता, तिथं मात्र अजून बेडूक ओरडत होते. मष्णू कधीमधी तिथं जाऊन फोन धरायचा. बाळाबाई डोळे मिटून ऐकायची आणि त्या रात्री दोन घास जास्त खायची. तिचा जीव आता त्या आवाजावर टांगलेला होता.

गेल्या वर्षीची ज्येष्ठातली अमावास्या. बुधवार होता. दुसरी पाळी संपवून शामू मध्यरात्री गाडीवरून घरी निघाला होता. उचगावापर्यंत सोबतीला एक जण होता, तो त्याच्या गल्लीत वळला. पुढं शामू एकटा. पावसानं उघडीप दिली होती. तळं काठोकाठ भरलेलं. रस्ता तळ्याच्या बांधावरूनच जातो.

बांधावर आला आणि त्यानं गाडी बंद केली.

बेडूक ओरडत होता.

एकच. डराव... मग थांबून, डराव... मुकं तळं बोलत होतं. शामूला रडू फुटलं. बाळाबाईला फोन लावावा म्हणून त्यानं खिशात हात घातला. ती ऐकेल. पोटभर जेवेल.

आवाज थांबला.

बांधाच्या कडेला कुणीतरी बसलं होतं. पाण्यात पाय सोडून. पाठमोरी बाई. हिरवं नेसू, ओलंचिंब.

"आप्पा..."

रात्रीच्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये, हे शामूला आईनं सांगितलं होतं. आम्हा सगळ्यांनाच सांगितलं होतं. पण पन्नाशी उलटलेल्या त्या माणसाला जन्मात कुणी आप्पा म्हटलं नव्हतं.

"काय गं पोरी?"

"परतावणाला आलासा न्हवं?"

हळदीचा वास येत होता. हळदीचा, आणि त्याखाली कुजक्या पाण्याचा.

तो गाडीकडं वळला. किक मारली.

मागची सीट दबली.

खांद्यावर हात आला. गार. ओला.

मागं बघायचं नाही, एवढंच त्याला सुचत होतं. बांध संपला. पुढं फाटा. सरळ गेलं की गाव. डावीकडचा रस्ता जांबोटीवरून कणकुंबीला.

"डावीकडं घ्या आप्पा."

"खालचा वहाळ मेलाय पोरी."

"वरच्याला न्या... तितं माझी माणसं हाईत. आई ऐकती की फोनवर."

शामूनं गाडी फाट्यावर उभी केली. इंजिन धडधडत होतं. डावीकडं अंधार. त्या अंधाराच्या टोकाला कुठंतरी ते शेवटचे बेडूक ओरडत असणार. त्याला आदर्शचं बोलणं आठवलं. गेलं की तितलंबी संपलं.

एकदा हसून परतावण टाळलं होतं.

"तुला न्हेलं तर ती मरतील गं."

...

"पोरी, तुला म्हायेर न्हाई. म्या... म्या न्हाई न्हेत."

मागून काही नाही. वारा नाही.

मग ती ओरडली.

मादी असं ओरडत नसते. ती ओरडली. एकदाच.

खांदा हलका झाला. सीट वर आली.

शामू घरी आला तेव्हा दार उघडं होतं. बाळाबाई उंबऱ्यात उभी. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात ओवाळून टाकायचा भाकरतुकडा. लेक माहेरी येते तेव्हा आई उभी राहते तशी. तिला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही.

तिनं शामूच्या मागं अंधारात बघितलं. मग त्याच्या खांद्याकडं.

"कुठं सोडलासा तिला?"



तिनं तांब्यातलं पाणी अंगणात ओतलं. "दोनदा सोडलासा," म्हणाली, आणि आत गेली.

सकाळी उजेडात शामूनं शर्ट बघितला. कारखान्याचा राखाडी शर्ट. डाव्या खांद्यावर पिवळा हात उमटला होता. थोराड बाईचा असावा एवढा. बोटं चार. बेडकाच्या पुढच्या पायाला चारच बोटं असतात. एकेक बोट धरून हळद लावणारीला ते कुणी समजावायची गरज नव्हती.

चार दिवसांनी बाळाबाई म्हणाली, भावाकडं जाऊन येते. शामूला बरंच वाटलं. तेवढंच मन रमेल. आठवड्यानं ती परत आली ती डोक्याला तेल लावून, चेहरा उजळलेला. त्या रात्री ती दोन भाकरी जेवली. शामूला वाटलं, सुटलो एकदाचे.

हात धुताना ती म्हणाली, "पोचवलं तिला."

"कुणाला?"

तिनं पिशवीतून हिरव्या खणात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. शर्ट.

"वरच्या वहाळात धरून बसलो हुतो, दिसभर. तुमी न्हेत न्हाई म्हटलासा, म्या न्हेलं. आता ती आपल्या माणसांत हाय."

शामूनं तिच्या तोंडाकडं बघितलं. इतक्या वर्षांत ते तोंड असं निवांत त्यानं बघितलं नव्हतं. काय सांगणार होता तो तिला?

श्रावणात मष्णूचा फोन आला. "दाजी, ऐका," एवढंच म्हणाला, आणि त्यानं फोन वहाळाकडं धरला.

पाण्याचा आवाज. नुसत्या पाण्याचा.

बाळाबाईनं शामूच्या हातातून फोन घेतला. कानाला लावला. डोळे मिटले. बराच वेळ ऐकत राहिली.

"निजली जणू सगळी," ती हळूच म्हणाली.

अजूनही रोज रात्री ती मष्णूला फोन लावायला सांगते. तो बिचारा पावसापाण्यात वर जातो, फोन धरतो. ती पाणी ऐकते आणि म्हणते, अजून निजल्यातच.

सुबराव अण्णा थांबले. मेणबत्ती बुडाला आली होती.

"आणि शर्ट?" आरोहीनं विचारलं.

"शामू घिऊन आलता दिवाळीत. म्हणाला, तुमी सूत रंगवणारी माणसं, एवढा डाग काढून द्या. हळदीचा डाग म्हंजे काय गं, दोन दिस उन्हात टाकला की उडतोय. म्या सगळा उन्हाळा माडीवर टाकला हुता."

तेवढ्यात लाईट आली. पोरांनी डोळे चोळले. माग सुरू करायला कुणी उठलं नाही, कारण सगळ्यांनी एकदमच बघितलं. कोपऱ्यात, सुताच्या बाचक्यांच्या वर, खिळ्याला राखाडी शर्ट टांगलेला होता.

आरोही उठली. जवळ गेली. खांद्यावरची चार बोटं तिनं मोजली नाहीत. नुसतं बोटाचं टोक लावलं, आणि हात मागं घेतला.

बोटाला हळद लागली होती. ओली.