पाटीच्या तळाचं नाव

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या गल्लीचं नाव पुन्हा बदललं होतं. पाट्या रंगवायचं काम आमच्या घरात सासऱ्यांपासूनचं. पण यांची पाठ धरलेली, डॉक्टरांनी अजिबात हलू नका म्हणून बजावलेलं. काम हातचं जायला नको, म्हणून ऊन उतरल्यावर मीच शिडी आणि रंगाचा डबा घेऊन कोपऱ्यावर गेले.

जुनं नाव कधी खरवडायचं नाही, त्याच्यावरच रंग द्यायचा, ही सासऱ्यांची शिस्त. पण त्या पाटीवर इतके थर साचलेले की नवा रंग धरेचना. यांचं जेवण व्हायचं होतं. माझे खांदे भरून आले होते. कंटाळून मी खरवडायलाच घेतलं. 'दवाखान्याची गल्ली' गेली. तिच्याखाली 'नव्या विहिरीचा रस्ता', त्याच्याखाली 'लोहार गल्ली'. त्याच्याही खाली काहीतरी होतं. तेही खरवडलं, वाचलंसुद्धा नाही.

विझवलेल्या कोळशाचा वास आला. खाली बोचकं घेतलेला एक माणूस उभा होता. लोहार गल्ली कुठली, असं त्यानं विचारलं. हीच होती, मी म्हटलं.

"होती...?" तो म्हणाला, आणि तिथंच उभा राहिला.

नवं नाव घालून मी निघाले तेव्हा अंधारून आलं होतं. मागून पावलं येत होती. दमलेली, फरफटणारी, पुष्कळ. मी वळून पाहिलं नाही.

घरात शिरले तर हे पलंगावर पार भिंतीला चिकटलेले.

"अहो, असे कडेला का?"

"हळू बोल... आत्ता कुठं टेकलेत ते. गल्लीतलेच आहेत. जागा द्या म्हणाले..."

पलंगावर दुसरं कुणी नव्हतं. गादी मात्र जागोजागी दबलेली.

सकाळपर्यंत हे गुडघे पोटाशी घेऊन बसलेले, वेदनेनं चेहरा पांढराफटक. मी तशीच पाटीकडे धावले. पुसलेली नावं होती त्या क्रमानं एकावर एक रंगवली, वर नवं घातलं. परत आले तर हे पाठ टेकून पडले होते. पण पुरते नाही.

"एक राहिलीये," ते म्हणाले.

तळाचं नाव मी कुठून आणू? गल्लीतल्या साऱ्या म्हाताऱ्यांना विचारून झालं, कुणालाच ठाऊक नाही. शेवटी यांनी तिलाच विचारलं. तिलाही आठवत नाही म्हणे.

दिवे लागले की ती यांच्या तोंडून रोज विचारते, ही गल्ली कुठली? मी नवं नाव सांगते, मग ती रात्रभर गप्प असते. काल तिनं विचारलं, मी तोंड उघडलं... माझ्याच हातानं रंगवलेलं नाव... ते काही केल्या आठवेना.

 हे भिंतीकडे आणखी थोडे सरकले.