दोन भोंगे

लाऊडस्पीकरवर मी: "उजव्या हाताला समुद्रसिंह. सगळे एकदम उजवीकडे धावू नका, बोट म्हातारी आहे आपली."

हशा. दरवेळी इथेच होतो.

लाऊडस्पीकर बंद करून मी: "बाबा, गारठलात का?"

"सूनबाई, मी या खाडीत बोट हाकत होतो तेव्हा तू रांगत होतीस. माते भर."

मी मातेच्या, आमच्या कडवट पानांच्या चहाच्या, कपात गरम पाणी ओतलं. डॉन बेलार्मिनो, माझे सासरे. डोळ्यांना आता उजेड तेवढा कळतो. पुढच्या आठवड्यात ते तेमुकोला लेकीकडे जाणार, कायमचे. त्याआधी त्यांना सान राफाएलच्या हिमनदीचं उत्तर ऐकायचं होतं. त्यांच्या काळात धुक्यात भोंगा द्यायचा आणि प्रतिध्वनी किती वेळाने येतो त्यावरून बर्फाची भिंत ओळखायची.

आता भिंत पार मागे, वळणाआड गेली आहे. भोंगा जातो, परत काही येत नाही. हे त्यांना सांगायची माझ्या नवऱ्याची, नोल्बेर्तोची, हिंमत झाली नव्हती. सुकाणू आता त्याच्याकडे.

म्हणून त्याने बेत केला. चुमिंगो, त्याचा चुलतभाऊ, छोटी होडी घेऊन हिमनगांमागे जाणार आणि बाबांचाच जुना पितळी भोंगा वाजवणार.

"आणि परत कधी फिरू, दादा?"

"दोन भोंगे देईन."

एक भोंगा म्हणजे कुठे आहेस. दोन म्हणजे माझ्यामागून ये. आमच्या खाड्यांत पोरंसोरंही हे जाणतात.

लाऊडस्पीकरवर मी: "आता व्हिस्की. बर्फ इथलाच, आत्ताच जाळ्याने काढलेला. कान लावा, आत अडकलेली जुनी हवा तडतडते."

लोकांनी पेले कानाला लावले. तडतड नव्हती. मी माझाही लावून पाहिला. बर्फ गप्प होता.

धुकं उतरलं. जवळच्या तरंगत्या बर्फावर सील पहुडले होते. एरवी ते आमच्याकडे बघतात. आज सगळ्यांची तोंडं भिंतीकडे होती.

नोल्बेर्तोने एक भोंगा दिला.

बाबांनी श्वास रोखला. तळवा कठड्यावर.

उत्तर आलं. लांब, खोल, पाण्यावरून सरपटत.

"अरे वा!" बाबा हसले. गालांवरून पाणी. "जवळ आहे की! पोरं म्हणत होती मागे गेली. काय मागे गेली!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काचेपलीकडून नोल्बेर्तोने मला डोळा मारला आणि खुशीत दोन भोंगे दिले.

चुमिंगोसाठी एक पेला भरून मी मागच्या बाजूला गेले.

होडी दोराने बांधलेलीच होती. चुमिंगो वाकून इंजिनाची दोरी ओढत होता. पितळी भोंगा गळ्यातल्या पिशवीत, पिशवीची गाठ तशीच.

"वहिनी, दादाला सांगा ना जरा थांबायला. सुरूच होत नाही मेलं."

"मग वाजवला कुणी?"

"मला वाटलं दुसरी बोट आली." तो सरळ झाला. "दुसरी बोट नाहीये?"

नव्हती. हंगामाची शेवटची फेरी आमचीच.

त्याने पेला घेतला, प्यायला नाही.

"मग दोन भोंगे कुणाला दिले?"

लाऊडस्पीकरवर मी: "आता आपण परत..."

पुढचं वाक्य आठवलं नाही. रोज म्हणते.

नोल्बेर्तो म्हणाला, धुक्यात आवाज काय वाटेल ते करतो. मीही तेच म्हणाले. पटलं. वाटेत आणखी सील दिसले. ते आमच्या मागच्या पाण्याकडे बघत होते.

बाबा सुखात होते. व्हिस्कीने सैलावलेल्या लोकांनी त्यांना गाणं म्हणायला लावलं, त्यांनी तीन कडवी म्हटली. तळवा कठड्यावरून काढला नाही.

चाकाबुकोच्या धक्क्याला लागलो. लोक उतरले. नोल्बेर्तोने इंजिन बंद केलं.

पाणी सपाट. वारा नाही.

"चला बाबा, घरी."

"थांब की, सूनबाई." ते प्रसन्न हसत होते. "इतक्या लांबून आपल्यामागून आलीय ती. जरा टेकू दे."

मी ट्रेमध्ये पेले गोळा करत होते.

तळाशी उरलेला बर्फ तडतडायला लागला. एकेक करून, सगळ्या पेल्यांत.